ह्युंदाई आय३० एन टीसीआर: जुनी रेसकार घेण्याआधी

ही रस्त्यावरची गाडी नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. हिला नंबरप्लेट नाही, मागची सीट नाही, एसी नाही. आत लोखंडी पिंजरा, एक बकेट सीट, सहा पट्ट्यांचा बेल्ट आणि बटणांनी भरलेलं स्टीअरिंग, एवढाच संसार. जर्मनीतल्या आल्झेनाऊ इथे ह्युंदाई मोटरस्पोर्टने ती बांधली आणि पैसे मोजणाऱ्या कोणत्याही खासगी टीमला विकली. २०१७ मध्ये जाहीर झालेला भाव होता १,२८,००० युरो, म्हणजे तेव्हाच्या दराने एक कोटी रुपयांच्या आसपास. आता तिची जागा एलांट्रा एन टीसीआरने घेतली आहे. म्हणून हे परीक्षण जुन्या, दोन-तीन हात फिरलेल्या आय३०चं.

निकाल आधीच देतो. टूरिंग कार रेसिंग, म्हणजे बाजारातल्या गाड्यांवर बेतलेल्या रेसकारची शर्यत, शिकायला इतकी सरळ वागणारी गाडी क्वचितच मिळते. चूक केली की ती लगेच सांगते आणि सहसा भिंतीत न नेता सांगते. पण पुढच्या दोन टायरांचा हिशोब ज्याला ठेवता येत नाही, त्याला ती पहिल्या पाच लॅप राजासारखं वागवते आणि उरलेल्या लॅपमध्ये त्याचे हाल करते.

टीसीआर म्हणजे काय ते थोडक्यात. मार्चेल्लो लोट्टी यांनी आखलेला हा नियमसंच २०१५ पासून मैदानात आहे. चार किंवा पाच दारांची, बाजारात विकली जाणारी गाडी घ्यायची. इंजिन टर्बो आणि दोन लिटरपर्यंतचं, ताकद फक्त पुढच्या चाकांना, रुंदी जास्तीत जास्त १,९५० मिलिमीटर. मागचा विंग सगळ्यांना सारख्याच घडणीचा. त्यामुळे मागची चाकं फिरवणारी बीएमडब्ल्यू, जिच्यावर अँडी प्रिऑलने २००५, २००६ आणि २००७ अशी सलग तीन वर्षं जागतिक टूरिंग कारचं विजेतेपद मिळवलं, या जत्रेत येऊच शकत नाही. इथे जो तो पुढच्या चाकांवरच जगतो.

आय३०मध्ये दोन लिटरचं टर्बो इंजिन साधारण ३५० अश्वशक्ती देतं. रस्त्यावरच्या आय३० एनचं हेच इंजिन परफॉर्मन्स पॅकेजसह २७५ची मजल मारतं. गिअरबॉक्स सहा गिअरचा सिक्वेन्शियल, म्हणजे गिअर एकामागून एक क्रमानेच पडणारा, स्टीअरिंगमागच्या पॅडलने बदलायचा. चाकं १८ इंची, १० इंच रुंद. पुढे ३८० मिलिमीटरच्या डिस्क आणि सहा पिस्टनचे कॅलिपर, मागे २७८ मिलिमीटरच्या डिस्क आणि दोन पिस्टन. या आकड्यांतच गाडीचा स्वभाव दिसतो. ब्रेकचं जवळजवळ सगळं काम पुढे होतं, कारण साठ टक्क्यांच्या वर वजनही पुढेच आहे. वळवायचं पुढच्या टायरांनी, ओढायचं त्यांनीच आणि थांबवायचंही बहुतांशी त्यांनीच. मागचे दोन टायर बहुतेक वेळ वरातीमागून आल्यासारखे येतात.

या गाडीवर कोण काय करू शकलं, हे ब्रोशरपेक्षा जास्त शिकवतं. चाचण्यांत इटालियन ड्रायव्हर गॅब्रिएले तारक्विनी होता. ऑक्टोबर २०१७ मध्ये चीनमधल्या झेजियांगला गाडी पहिल्यांदा रेसला उतरली तेव्हा तो आणि अलाँ मेन्यू चालवत होते, आणि त्याच वीकेंडला तारक्विनीने रेस जिंकली. पुढच्या वर्षी जागतिक चॅम्पियनशिपच्या महागड्या गाड्या बंद झाल्या आणि डब्ल्यूटीसीआर हा विश्वचषक सुरू झाला. त्यात दहा ठिकाणी तीस रेस झाल्या. बीआरसी टीमच्या आय३०मध्ये तारक्विनी, आणि स्वतःची टीम काढून त्याच आय३०मध्ये इव्हाँ म्युलर. म्युलर म्हणजे २००८, २०१०, २०११ आणि २०१३चा जागतिक टूरिंग कार विजेता. मकाऊच्या शेवटच्या वीकेंडनंतर हिशोब झाला: तारक्विनी ३०६, म्युलर ३०३. दोघांकडे एकाच मॉडेलची गाडी होती आणि ती विकत मिळणारी होती. फरक राहिला तो माणसाचा आणि टीमच्या कामाचा.

तारक्विनी तेव्हा ५६ वर्षांचा होता. फॉर्म्युला वनमध्ये १९८७ पासून ओसेला, कोलोनी, एजीएस, फोंडमेटल अशा गरीब टीमांत त्याने दिवस काढले. शुक्रवारी सकाळी तासाभराच्या प्रीक्वालिफाइंगमध्ये, म्हणजे पात्रता फेरीच्याही आधीच्या चाळणीत, पहिल्या चारांत आलं नाही, तर बॅग भरून घरी जायचं. एकूण कमाई एक गुण, १९८९च्या मेक्सिको ग्रां प्रीत. मग १९९४ मध्ये अल्फा रोमिओ १५५ घेऊन ब्रिटिश टूरिंग कार विजेतेपद, २००३ मध्ये १५६ घेऊन युरोपियन, २००९ मध्ये सेआट लेऑन डिझेलवर जागतिक, आणि २०१८ मध्ये ही आय३०. चारही विजेतेपदं पुढची चाकं ओढणाऱ्या गाड्यांवर. हा योगायोग नाही. एकाच टायरकडून तीन कामं करून घेताना त्याला कुठे दम खाऊ द्यायचा, हे पंचवीस वर्षांत हाताला कळतं. त्या कामात विशीतल्या प्रतिक्षिप्त क्रियांचा फायदा लोक समजतात त्याहून कमी असतो.

पण ही फक्त मुरलेल्यांची गाडी आहे, असंही नाही. ऑस्ट्रेलियात २०१९ ला टीसीआर मालिका पहिल्यांदाच झाली, तिथे आय३०वर जिंकलेला विल ब्राउन तेव्हा २१ वर्षांचा होता. पुढे तो सुपरकार्स या ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या मालिकेत गेला आणि २०२४चं विजेतेपद घेऊन आला. सुपरकार्स म्हणजे मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या, व्ही-८ इंजिनाच्या गाड्या. म्हणजे इथलं शिक्षण तिकडेही चालतं. त्याच २०१९ मध्ये नॉर्बर्ट मिखेलिसने आय३०वर विश्वचषक घेतला.

आता गाडीत बसू. पिटमधून निघाल्यावर पहिला धोका मागच्या टायरांचा. पुढचे एका लॅपमध्ये तापतात. मागच्यांवर ना ताकद ना वजन, त्यामुळे ते दोन-तीन लॅप थंडच राहतात. या अवस्थेत वेगाच्या वळणात शिरून अचानक ॲक्सिलरेटर सोडला की वजन पुढे जातं, मागचं टोक हलकं होतं आणि गाडी फिरते. नवा ड्रायव्हर पहिल्याच सेशनमध्ये ज्या वळणावर फिरतो, ते बहुतेक वेळा दुसऱ्या लॅपमधलं वेगाचं वळण असतं. उपाय नाटकी नाही. आउट लॅपवर, म्हणजे पिटमधून निघाल्यावरच्या पहिल्या फेरीत, डाव्या पायाने ब्रेक धरत, उजव्याने थोडी ताकद ठेवत मागच्या ब्रेकमधून रिमला आणि रिममधून टायरला उष्णता द्यायची. ब्रेकचा समतोल बदलायचा नॉब ड्रायव्हरच्या हाताशी असतो. पहिल्या लॅपला तो थोडा मागे, मग जागेवर. विसरलात आणि तो मागेच राहिला, तर पहिल्या जोरदार ब्रेकिंगला मागची चाकं जाम होतात. विश्वचषकाच्या नियमांत एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नव्हतं, ट्रॅक्शन कंट्रोलही नव्हतं. चाक जाम झालं की तुमचं तुम्ही बघायचं.

दुसरी सवय मोडायला वेळ लागतो, ती लवकर ॲक्सिलरेटर देण्याची. मागच्या चाकांच्या गाडीतून आलेला ड्रायव्हर वळणाच्या मध्यावरच पाय द्यायला लागतो. इथे स्टीअरिंग अजून वळलेलं असताना ताकद दिली की पुढचे टायर घसरतात, नाक बाहेर जातं, मग माणूस स्टीअरिंग आणखी वळवतो आणि टायर आणखी घासतो. लॅप टाइममध्ये हे लगेच दिसत नाही, कारण डिफरन्शियल (दोन चाकांत ताकद वाटणारा भाग) गाडीला ओढून नेतं. दिसतं ते आठव्या-नवव्या लॅपला. तोवर टायरच्या पृष्ठभागाचं तापमान इतकं चढलेलं असतं की सरळ रस्त्यावरही ते पुरेसं उतरत नाही.

सेशन संपल्यावर पुढचा डावा टायर काढून उजेडात धरा. पृष्ठभागावर भरड दाणे आले असतील, घसरण्याच्या दिशेला काटकोनात रेघा असतील, तर टायर पुरेसा तापायच्या आत घसरला. बाहेरचा खांदा गुळगुळीत, निळसर-चकचकीत झाला असेल, तर कॅम्बर (चाकाचा उभा कल) कमी आहे किंवा ड्रायव्हर स्टीअरिंग जास्त वळवतोय. टायरवर जाड काळ्या गोळ्या चिकटल्या असतील, तर तो ट्रॅकवरचा कचरा. तो हीट गनने गरम करून पत्र्याच्या सुरीने खरवडायचा आणि मगच झिजेची भोकं, म्हणजे झीज कळावी म्हणून टायरवर ठेवलेले खड्डे, मोजायची. कचऱ्यासकट मोजली तर टायर नवा वाटतो आणि दुसऱ्या रेसला पोटात गोळा येतो.

सेटअपची दिशा साधारण अशी ठेवतात. पुढे चारेक अंश निगेटिव्ह कॅम्बर, म्हणजे चाकाचं वरचं टोक आत, आणि टो किंचित बाहेर, म्हणजे चाकांची पुढची टोकं थोडी बाहेरच्या बाजूला. मागच्या स्प्रिंग आणि अँटी-रोल बार (वळणात गाडीचं कलणं रोखणारी दांडी) मुद्दाम कडक, म्हणजे वळणात मागचं आतलं चाक हवेत उचललं जातं. फोटोत दिसणारं ते तीन पायांचं कुत्रं म्हणजे बिघाड नव्हे, पुढच्या टायरांना दिलेली मदत आहे. टायरचा दाब थंड असताना भरायचा, पण हिशोब गरम आकड्याचा करायचा. लक्ष्य बहुधा २ बारच्या आसपास असतं. नेमका आकडा टायर कंपनी आणि ट्रॅक ठरवतात, तो टायरवाल्या तंत्रज्ञाकडून घ्या, इंटरनेटवरून नको. एका वेळी एकच गोष्ट बदला. कॅम्बर, दाब आणि अँटी-रोल बार एकाच वेळी बदलून गाडी सुधारली, तर कशामुळे सुधारली हे कोणालाच कळत नाही आणि पुढच्या ट्रॅकवर पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागते.

कर्बवरून (वळणाच्या कडेच्या उंचवट्यावरून) उडी मारायला ही गाडी मस्त वाटते आणि तिथेच पैसे जातात. आतलं पुढचं चाक हवेत मोकळं, जोरात फिरत असतं. ते जमिनीला टेकलं की सगळा झटका ड्राइव्हशाफ्टमधून (चाकाला ताकद नेणाऱ्या दांड्यातून) गिअरबॉक्समध्ये जातो. उभ्या स्टार्टलाही तेच. स्टीअरिंग थोडं वळलेलं असताना क्लच सोडला तर सीव्ही जॉइंटवर (शाफ्टच्या टोकाच्या वळणाऱ्या सांध्यावर) कोनात भार येतो आणि शाफ्ट तुटतो. ग्रिडवर चाकं सरळ ठेवणं ही शिस्त नव्हे, बचत आहे. सुटे दोन शाफ्ट टीमच्या ट्रकमध्ये हवेतच.

जुनी गाडी बघायला गेलात तर इंजिनपासून सुरुवात करू नका. आधी लेबलं बघा. एफआयए (मोटर रेसिंगची जागतिक संघटना) ८८५३ प्रमाणाचा बेल्ट पाच वर्षांपुरता असतो, मुदत त्याच्यावर शिवलेली असते. ८८५५-१९९९ची सीट पाच वर्षं, निर्मात्याकडून तपासून घेतली तर आणखी दोन. ८८६२-२००९ची सीट दहा वर्षं. एफटी३ दर्जाची इंधनटाकी पाच वर्षं, फेरतपासणीने आणखी दोन. आग विझवणाऱ्या यंत्रणेची दर दोन वर्षांनी सर्व्हिस. २०१८ची गाडी आज कोणी ‘फक्त एक सीझन चाललेली’ म्हणून दाखवली, तरी ती एक रेससुद्धा लागण्याआधी बेल्ट आणि टाकी बदलावी लागणार, सीटही जुन्या प्रमाणाची असेल तर तीही. कमी किलोमीटर इथे फारसे कामाला येत नाहीत, कारण रबर आणि विणलेला पट्टा उभ्या गाडीतही म्हातारे होतात. किंमत पाडून मागायला हा सर्वांत सरळ मुद्दा आहे आणि विकणाऱ्यालाही तो माहीत असतो.

मग किलोमीटरची वही. रेसकारला ओडोमीटरपेक्षा वही महत्त्वाची: इंजिन, टर्बो, गिअरबॉक्स, ड्राइव्हशाफ्ट, व्हील बेअरिंग यांचे वेगवेगळे आकडे आणि शेवटची उघड-झाक कधी झाली ते. वही नाही म्हणजे सगळं मुदतीबाहेर आहे असं धरूनच भाव करायचा.

गिअरबॉक्सचं तेल काढायला सांगा. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करड्या रंगाची मऊ पेस्ट असणं नेहमीचं आहे. नखात धरता येतील असे कण किंवा कपची निघाली, तर डॉग रिंगच्या (गिअर अडकवून धरणाऱ्या दातेरी कड्यांच्या) कडा गोल झाल्या आहेत. अशा बॉक्समध्ये ताकद दिली की गिअर निसटतो, सहसा तिसरा किंवा चौथा, आणि निसटतो तो नेमका ओव्हरटेक करताना. इंजिनाची लीक-डाउन चाचणी करा, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरून किती टक्के गळते ते बघा. चारही सिलिंडर दहा टक्क्यांच्या आत आणि एकमेकांच्या जवळ असतील तर ठीक. एकच वेगळा पडला तर हवा कुठून निघते ते ऐका. सायलेन्सरमधून निघाली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, तेलाच्या झाकणातून निघाली तर पिस्टन रिंग, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. टर्बोचा शाफ्ट बोटांनी हलवून बघा. आडवा किंचित हलणं चालतं, पुढे-मागे खेळ चालत नाही.

ब्रेक डिस्कवर केसासारख्या बारीक रेषांचं जाळं दिसलं तर घाबरू नका. पण एखादी रेष कडेपर्यंत पोहोचली असेल, तर डिस्क त्याच दिवशी भंगारात. फ्लुइड कधी बदललं ते विचारा. साध्या डॉट ४ची किमान मर्यादा कोरड्या अवस्थेत २३० अंश आणि ओलावा शोषल्यावर १५५. रेसिंगचं फ्लुइड कोरडं असताना ३०० अंशांच्या वर टिकतं, पण ओलावा तेही शोषतं. म्हणून वीकेंडला निदान एकदा ब्लीड करायचं, म्हणजे जुनं फ्लुइड आणि हवा काढून टाकायची. पेडल लांब जायला लागलं की ड्रायव्हर पॅडला दोष देतो. बहुधा फ्लुइड उकळलेलं असतं.

अपघात झालेली गाडी ओळखायला पॉलिश बघू नका. दोन्ही बाजूंचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, टेपने मोजा. मग दोन्ही पुढच्या चाकांना सारखाच कॅम्बर मिळवायला किती शिम (अंतर भरणाऱ्या पातळ पट्ट्या) लागले ते विचारा. एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला आठ लागत असतील, तर चाकं आणि सस्पेन्शन ज्यावर बसतं ती सबफ्रेम किंवा स्ट्रट टॉवर सरकलेला आहे. पिंजऱ्याच्या वेल्डिंगजवळ रंग ताजा असेल तर तो खरवडून दाखवायला सांगा. नाही म्हणाला तर चहा पिऊन निघा.

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ही म्हण इथे उलटीही होत नाही, कारण कोंबडीच महाग आहे आणि मसाला त्याहून. गाडीबरोबर सुट्या चाकांचे निदान चार सेट हवेत, दोन कोरड्यासाठी, दोन पावसासाठी. पुढचा स्प्लिटर (बंपरखालची पट्टी), रेडिएटर, दोन्ही बाजूंचे विशबोन आणि टो लिंक (चाक धरून ठेवणाऱ्या दांड्या), दोन ड्राइव्हशाफ्ट. माणसं किमान तीन: डेटा वाचणारा एक इंजिनिअर, दोन मेकॅनिक. विकणारा स्पेअरच्या पेट्या देत असेल तर गाडीच्या रंगापेक्षा त्या पेट्या उघडून बघा. चांगल्या पेट्यांसकटची मध्यम गाडी ही रिकाम्या हाताने येणाऱ्या सुंदर गाडीपेक्षा परवडते.

बॅलन्स ऑफ परफॉर्मन्सबद्दल तक्रारी खूप ऐकू येतात. मालिकेचे आयोजक वजन, जमिनीपासूनची उंची आणि इंजिनाची टक्केवारी बदलून गाड्या एका पातळीवर आणतात. शिवाय वेगवान ठरलेल्या गाडीवर भरपाईचं वजन चढतं, विश्वचषकात ते ६० किलोपर्यंत जायचं. आय३०ला हे इतरांपेक्षा जास्त टोचतं, कारण वाढलेला प्रत्येक किलो शेवटी त्याच पुढच्या टायरांकडून वसूल होतो. वजन चढलं की पहिल्या तीन लॅपचा वेग तसाच राहतो, शेवटच्या तीन लॅपचा जातो. सेटअप त्या हिशोबाने मऊ करायचा आणि क्वालिफाइंगमध्ये पुढे जागा घ्यायची. मागून येऊन जिंकण्याचे दिवस ते नव्हेत.

पर्यायांत होंडा सिव्हिक टाइप आर टीसीआर इटलीतल्या जेएएस मोटरस्पोर्टची, तीही तोलामोलाची. ऑडी आरएस३ एलएमएसचा वेगळा फायदा म्हणजे ती डीएसजी गिअरबॉक्समध्येही, म्हणजे रस्त्यावरच्या गाडीसारख्या दोन क्लचच्या ऑटोमॅटिकमध्येही, मिळायची. नवी होती तेव्हा सिक्वेन्शियल १,२९,००० युरोला आणि डीएसजी ९९,००० युरोला. लांब पल्ल्याच्या रेससाठी, दोन-तीन हौशी ड्रायव्हर वाटून चालवणार असतील, तर जुनी डीएसजी ऑडी जास्त शहाणपणाची. एकट्याने स्प्रिंट रेस करायच्या असतील तर आय३०. एलांट्राचा व्हीलबेस लांब आहे, वेगाच्या वळणात ती शांत राहते, पण अजून स्वस्त नाही.

आपल्याकडच्या मुलांसाठी हिशोब वेगळा. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीची तालीम भारतात होऊ शकते आणि झालीही आहे. कोल्हापूरला कार्टिंगचा ट्रॅक आहे. तिथलाच ध्रुव मोहिते फोक्सवॅगनच्या मालिकेत दिसला. २०१० मध्ये सुरू झालेली ती एकाच गाडीची मालिका डिझेल पोलोपासून १८० अश्वशक्तीच्या १.४ टीएसआय पोलोपर्यंत आणि पुढे व्हेंटो, अमिओपर्यंत गेली. चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टईचा आणि कोइंबतूरचा कारी हे ट्रॅक अशा गाड्यांनी घासून झालेले आहेत. तिथे एखाद्या टूरिंग कारमध्ये दहा लॅपनंतरही पहिल्या लॅपच्या वेळेपासून अर्ध्या सेकंदाच्या आत राहता येत असेल, तरच आय३०चा विचार करावा. नाहीतर एक कोटीच्या यंत्रात तीच चूक, फक्त महाग टायरवर. आणि गाडी विकत घेण्याआधी इटलीत किंवा ब्रिटनमध्ये एखाद्या टीमकडून एक दिवस भाड्याने घ्या. वापरलेल्या टायरचा सेट मागा, नवा नको. नव्या टायरवर सगळेच तारक्विनी असतात.